लिथुएनियन : प्राचीनतेची कीर्ती आणि भाषेचा विस्तार

तौलनिक भाषाशास्त्राच्या आपल्याकडील अभ्यासक्रमात लिथुएनियन भाषेचे नाव येत नाही असे सहसा घडत नाही. परंतु ते ज्या रीतीने येते ती रीत परीक्षणीय आहे. इंडो-युरोपीय कुलाच्या बाल्टिक शाखेतील एक जिवंत भाषा, प्राचीन रूपांचे जतन करणारी, संस्कृतशी विलक्षण साम्य असलेली, एवढे सांगून पाठ्यग्रंथ पाचदहा शब्दांची जोडयादी देतात आणि पुढे सरकतात. सूनुस–सूनुः, अविस–अविः, दूमस–धूमः, मेदुस–मधु, उग्निस–अग्निः, सप्नस–स्वप्नः ही यादी पदव्युत्तर विद्यार्थ्यास मुखोद्गत असते. मात्र ही भाषा आज किती लोक बोलतात, कोठे बोलतात आणि कोणकोणत्या व्यवहारात वापरतात, असे त्याला विचारले तर तो निरुत्तर होतो. प्रस्तुत लेखाचा हेतू या उणिवेचे स्वरूप तपासण्याचा आहे. लिथुएनियनविषयीची आपली समजूत केवळ अपुरी आहे असे नव्हे. एखाद्या भाषेचे टिकणे कशावर अवलंबून असते याविषयी ती चुकीचा बोध करून देते, असे माझे प्रतिपादन आहे.

१

या समजुतीचा उगम एकोणिसाव्या शतकातील जर्मन भाषाशास्त्रात आहे. फ्रान्झ बॉप यांनी आपल्या तौलनिक व्याकरणात लिथुएनियनला स्थान दिले. ऑगुस्ट श्लायखर हे १८५२ मध्ये प्रशियाच्या ताब्यातील लिथुएनियन प्रदेशात स्वतः गेले, तेथील शेतकऱ्यांच्या तोंडून ती भाषा शिकले आणि १८५६ मध्ये त्यांनी तिचे व्याकरण प्रसिद्ध केले. पुढे फेर्दिनां द सोस्यूर यांनी १८९४ व १८९६ मध्ये लिथुएनियन स्वराघातावर लेख लिहिले. वैदिक स्वरांचा विचार करणाऱ्यांनाही ते लेख उपेक्षिता येत नाहीत. इंडो-युरोपीय लोक कसे बोलत असतील हे ऐकावयाचे असेल तर लिथुएनियन शेतकऱ्याचे बोलणे ऐकावे, अशा आशयाचे एक वचन आंत्वान मेये यांच्या नावावर सर्वत्र सांगितले जाते. पाठ्यग्रंथांतील प्रशंसेचा सूर मुख्यतः या परंपरेतून आला आहे.

या विद्वानांचे कार्य थोर आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या कार्यातून पुढच्यांनी काय उचलले आणि काय वगळले हे पाहिले पाहिजे. श्लायखर यांच्या ग्रंथाचा दुसरा भाग १८५७ मध्ये निघाला. तो वाचनपाठांचा व शब्दसंग्रहाचा होता. त्यांनी लोककथांचे भाषांतर केले आणि क्रिस्तियोनास दोनेलायतिस या अठराव्या शतकातील कवीच्या काव्याची आवृत्तीही १८६५ मध्ये काढली. म्हणजे त्यांच्या दृष्टीपुढे रूपांबरोबर ती रूपे वापरणारा समाज व त्याचे वाङ्मयही होते. पाठ्यग्रंथांनी रूपे घेतली, समाज सोडून दिला. जिवंत भाषेचे वर्णन अशा प्रकारे उत्खननातील अवशेषांच्या यादीसारखे झाले.

२

मुळात प्राचीनतेचा हा दावा तरी कितपत काटेकोर आहे? एका सुप्रसिद्ध उदाहरणाची तपासणी येथे उपयुक्त ठरेल. देवाने दात दिले, तोच भाकरीही देईल, अशा अर्थाची एक लिथुएनियन म्हण आहे. ज्याने चोच दिली तो चारा देईल, या आपल्या म्हणीचे ती भावंडच होय. मूळ शब्द असे : ‘दिएवस दावे दन्तिस, दिएवस दुओस दुओनोस’. याच्याशेजारी ‘देवः अददात् दतः, देवः दास्यति धानाः’ असे संस्कृत वाक्य रचून ठेवले जाते, आणि दोन भाषा जणू एकच आहेत असा परिणाम साधला जातो.

परंतु हे वाक्य पदशः उकलून पाहावे. ‘दिएवस’ व ‘देवः’ यांचे नाते निर्विवाद आहे. ‘दुओस’ आणि ‘दास्यति’ या दोहोंतील भविष्यकाळाचा सकारही एकाच मुळाचा मानला जातो. मात्र ‘दावे’ हे भूतकाळाचे रूप बाल्टिक शाखेने नव्याने घडवलेले आहे. ‘अददात्’मधील अडागम व द्वित्व यांचा त्यात मागमूस नाही. ‘दन्तिस’ हे इकारान्त नामाचे रूप आहे, तर ‘दतः’ हे व्यंजनान्त प्रकृतीचे. सर्वांत उद्बोधक जोडी शेवटची होय. ‘दुओना’ व ‘धाना’ हे शब्द परस्परसंबद्ध मानले जातात. तथापि संस्कृतात धाना म्हणजे भाजलेले धान्य, तर लिथुएनियनमध्ये दुओना म्हणजे भाकरी वा पाव. शिवाय ‘दुओनोस’ हे षष्ठीचे एकवचन आहे, ‘थोडी भाकरी’ अशा अंशवाचक अर्थाचे. आणि ‘धानाः’ हे द्वितीयेचे बहुवचन आहे. कानाला जे साम्य सर्वांत अधिक पटते, तेथेच विभक्ती वेगळी आणि वचनही वेगळे! साम्य आहे खरे, पण ते हेतुतः निवडलेल्या शब्दांतून ऐकवलेले साम्य आहे. लिथुएनियन शेतकऱ्याला संस्कृत समजते, ही जी आख्यायिका अशा वाक्यांच्या आधारे पसरली आहे, तिला काहीही आधार नाही.

व्याकरणाच्या इतर अंगांकडे वळले तर चित्र आणखी संमिश्र होते. नामांच्या सात विभक्ती, मुक्त स्वराघात, जुन्या ग्रंथांत व काही बोलींत राहिलेले द्विवचन या गोष्टी खरोखरच प्राचीन आहेत. परंतु क्रियापदाच्या तृतीय पुरुषात लिथुएनियन एकवचन व बहुवचन असा भेदच करीत नाही. ‘ददाति’ व ‘ददति’, मराठीत ‘देतो’ व ‘देतात’, या दोन्ही ठिकाणी तिच्यात एकच ‘दुओदा’ येते. नामांतील नपुंसकलिंग तिने गमावले आहे, आणि मराठीने मात्र ते आजही सांभाळले आहे. ही एकच खूण धरून कोणी मराठीला लिथुएनियनहून प्राचीन म्हटले तर आपण हसू. परंतु निवडक खुणांवरून एखाद्या भाषेला सर्वांत प्राचीन ठरवण्याची पद्धत नेमकी हीच आहे. प्रत्येक भाषा काही राखते, काही टाकते आणि काही नवे घडवते. लिथुएनियनने नामरूपांच्या बाबतीत पुष्कळ राखले, एवढेच विधान शास्त्राला मान्य होण्यासारखे आहे.

३

याहून महत्त्वाचा आक्षेप पुढचा आहे. प्राचीनतेच्या वर्णनातून वाचकाच्या मनात नकळत असा ग्रह होतो की ही रूपे प्राचीन असल्यामुळेच ती भाषा टिकली. जुन्या वृक्षाची मुळे खोल असतात तसे काहीतरी. या ग्रहाचे खंडन करण्यास लिथुएनियनची सख्खी भगिनी, प्राचीन प्रशियन, एकटीच पुरेशी आहे. काही बाबतींत ती लिथुएनियनहूनही जुनी रूपे दाखवते. लिथुएनियनमध्ये ‘दिएवस’ असे झालेल्या शब्दाचा मूळ संयुक्त स्वर प्रशियनमध्ये ‘देइव्स’ या रूपात राहिला होता. तिची आपल्यापर्यंत आलेली सामग्री म्हणजे मुख्यतः सोळाव्या शतकातील तीन धर्मप्रश्नोत्तरी आणि एल्बिंग येथील सुमारे आठशे शब्दांचा कोश. ट्यूटॉनिक सरदारांच्या विजयानंतर जर्मन भाषेने तिचे एकेक क्षेत्र व्यापले, आणि १७०९–११ च्या महामारीनंतर ती बोलणारे कोणी उरले नाहीत. प्राचीनता हेच संरक्षण असते तर आज प्रशियन जिवंत असती.

मग लिथुएनियन कशामुळे टिकली? राजाश्रयामुळे, असे उत्तर सुचणे स्वाभाविक आहे, कारण लिथुएनियाची महाडची मध्ययुगीन युरोपातील एक विशाल सत्ता होती. परंतु ते उत्तरही चूक आहे. त्या राज्याचा दप्तरी व्यवहार रुथेनियन व लॅटिन भाषांत चाले आणि पुढे पोलिश भाषेत. १५२९, १५६६ व १५८८ या वर्षांच्या तिच्या प्रख्यात विधिसंहिता रुथेनियनमध्ये लिहिल्या गेल्या. सरदारवर्गाने क्रमाने पोलिश भाषा स्वीकारली. पहिले छापील लिथुएनियन पुस्तक, मार्टिनास माझ्वीदास यांची प्रश्नोत्तरी, १५४७ मध्ये निघाले ते महाडचीत नव्हे, तर प्रशियाच्या क्योनिग्सबर्गमध्ये. डानिएल क्लाइन यांचे १६५३ चे व्याकरणही तेथेच छापले गेले. राज्य एकीकडे आणि ग्रंथ दुसरीकडे, अशी ही विचित्र स्थिती होती.

४

आता संख्येचा विचार करू. १८९७ च्या रशियन साम्राज्याच्या जनगणनेत मातृभाषा लिथुएनियन सांगणारे बारा लाखांहून अधिक भरले. झेमाइतियन ही पश्चिमेकडील बोली त्या जनगणनेने स्वतंत्र भाषा म्हणून मोजली आणि तिचे भाषक साडेचार लाखांच्या आसपास निघाले. भाषेची सीमा कोठे आखावयाची याचा निर्णय मोजणारा घेतो आणि संख्या त्या निर्णयानुसार बदलते, हे अभ्यासकाने येथे टिपून ठेवावे. त्याच जनगणनेत विल्निअस शहरात लिथुएनियन मातृभाषा असलेले लोक शेकडा सुमारे दोन होते. ज्या नगराला ते लोक आपली ऐतिहासिक राजधानी मानत होते, त्या नगराच्या रस्त्यांवर यिडिश, पोलिश व रशियन ऐकू येत होत्या.

आजची स्थिती पाहू. २०२१ च्या जनगणनेनुसार लिथुएनियाची लोकसंख्या सुमारे २८ लाख १० हजार आहे आणि त्यांपैकी शेकडा सुमारे ८५ जणांची मातृभाषा लिथुएनियन आहे. म्हणजे देशातील मातृभाषक चोवीस लाखांच्या घरात येतात. देशाबाहेरील भाषक धरून एकूण संख्या ढोबळमानाने तीस लाख सांगितली जाते. भाषेचा मुलूखही सर्वत्र वाढलेला नाही. पोलंडमधील पुन्स्क व सेय्नी या भागांत आणि बेलारूसमधील गेर्वेचियाईसारख्या बेटावजा वस्तीत ती अल्पसंख्याकांची भाषा आहे. जेथे तिचे पहिले पुस्तक छापले गेले आणि जेथे दोनेलायतिस यांनी ऋतुचक्रावरील आपले काव्य रचले, तो प्रशियाचा प्रदेश १९४५ नंतर मोठ्या अंशी रशियाच्या कालिनिनग्राद प्रांतात गेला. तेथील जुना लिथुएनियन भाषक समाज नाहीसा झाला.

समुद्रापार ही भाषा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पोहोचली. पेन्सिल्व्हेनियातील कोळशाच्या खाणी आणि शिकागोचे कत्तलखाने ही तिची पहिली ठाणी होत. अप्टन सिंक्लेअर यांच्या १९०६ सालच्या ‘द जंगल’ या कादंबरीतील कुटुंब लिथुएनियन आहे, ते यामुळेच. ‘द्राउगस’ हे १९०९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेले वृत्तपत्र शतकाहून अधिक काळ चालत आले आहे. तथापि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत घरातली भाषा इंग्रजी होते, हा स्थलांतरितांचा सर्वसामान्य अनुभव लिथुएनियनांनाही चुकला नाही. २००४ मध्ये लिथुएनिया युरोपीय संघात आल्यावर ब्रिटन, आयर्लंड, नॉर्वे या देशांकडे नवे स्थलांतर झाले आणि देशातील लोकसंख्या घटली. १९८९ मध्ये ती सुमारे ३६ लाख ७५ हजार होती.

केवळ हे आकडे मांडून थांबलो तर निष्कर्ष निघेल तो ऱ्हासाचा. परंतु भाषेचा विस्तार संख्या आणि प्रदेश या दोनच मापांनी मोजता येत नाही. ती कोणकोणत्या कामांसाठी वापरली जाते हे तिसरे माप आहे, आणि लिथुएनियनच्या इतिहासात निर्णायक ठरले ते हेच.

५

१८६३ च्या उठावानंतर रशियन सत्तेने १८६४–६५ मध्ये लॅटिन लिपीतील लिथुएनियन छपाईवर बंदी घातली. सिरिलिक लिपीतील पुस्तके सरकारतर्फे काढली गेली, पण लोकांनी ती घेतली नाहीत. बिशप मोतिएयुस वालान्चियुस यांनी प्रशियात पुस्तके छापवून ती सीमेपलीकडून आणवण्याची व्यवस्था उभी केली. हे काम करणाऱ्यांना ‘क्निगनेशियाई’, म्हणजे ग्रंथवाहक, असे नाव पडले. पाठीवर ओझे घेऊन रात्री सीमा ओलांडणारे हे बहुतेक लोक शेतकरी होते. पकडले गेलेल्यांना तुरुंगवास वा हद्दपारी भोगावी लागली, आणि काही सीमेवर गोळीलाही बळी पडले. योनास बासानाविचियुस यांचे ‘औश्रा’ हे मासिक १८८३ मध्ये, आणि विन्त्सास कुदिर्का यांच्या प्रेरणेचे ‘वारपास’ १८८९ मध्ये, अशाच रीतीने बाहेर छापले जाऊन आत आले. सरकारी शाळेत मातृभाषेला स्थान नसल्यामुळे मुले घरी, चरख्यावर सूत काढणाऱ्या आईजवळ बसून, वाचावयास शिकली. ही बंदी १९०४ मध्ये उठली. तिच्या अखेरच्या काळातील १८९७ च्या जनगणनेत कोव्नो या लिथुएनियन बहुसंख्येच्या प्रांतातील साक्षरता युरोपीय रशियाच्या सरासरीहून बरीच अधिक आढळली, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

श्लायखर यांचा शेतकरी आणि हा ग्रंथवाहक शेतकरी एकाच वर्गातले. पहिला पाठ्यग्रंथांत अमर झाला. दुसऱ्याचा तेथे उल्लेखही नाही. आपल्या वर्णनातील उणीव याहून स्पष्टपणे दाखवता येणार नाही. प्राचीन रूपे उच्चारणे हे कोणाचे कर्तृत्व नव्हते; ती आईबापांकडून आपोआप मिळाली होती. ती रूपे छापलेल्या पानावर वाचावयास मिळावीत म्हणून धोका पत्करणे हे मात्र कर्तृत्व होते.

पुढचा टप्पा प्रमाणीकरणाचा. योनास याब्लोन्स्किस यांनी १९०१ मध्ये टोपणनावाने, तिल्झितमध्ये छापवून, जे व्याकरण प्रसिद्ध केले, त्याने पश्चिम औक्श्ताइतियन बोलीच्या आधारावर प्रमाणभाषेचा पाया घातला. १९१८ मध्ये राष्ट्र स्वतंत्र झाले आणि १९२२ मध्ये कौनास येथे विद्यापीठ उभे राहिले. तोवर शेतीभातीच्या आणि प्रार्थनेच्या असलेल्या या भाषेत कायदा, वैद्यक, गणित शिकवण्यासाठी संज्ञा घडवाव्या लागल्या. काझिमेरास बूगा यांनी शतकाच्या आरंभी ज्या कोशासाठी चिठ्ठ्या जमवण्यास प्रारंभ केला, तो बृहत्कोश १९४१ ते २००२ या काळात वीस खंडांत पुरा झाला. सोव्हिएत राजवटीच्या दशकांत शाळा व विद्यापीठे यांत लिथुएनियन चालू राहिली, तरी रशियन भाषेचा अधिकार वाढत गेला. १८ नोव्हेंबर १९८८ रोजी लिथुएनियनला राज्यभाषेचा दर्जा मिळाला. १९९० मध्ये स्वातंत्र्याची पुनःस्थापना झाली. १९९२ च्या संविधानाने तो दर्जा पक्का केला. आणि १ मे २००४ पासून ती युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे. विल्निअसच्या रहिवाशांत आज सुमारे दोन तृतीयांश लिथुएनियन वंशाचे आहेत.

६

येथे प्रतिपक्षाचे एक म्हणणे न्यायाने मांडले पाहिजे. युरोपीय विद्वानांनी लिथुएनियनची जी प्रशंसा केली तिचा राष्ट्रीय चळवळीला उपयोग झाला. शेतकऱ्यांची गावंढळ बोली म्हणून जिची उपेक्षा होई, तिला बर्लिन व पॅरिसच्या विद्यापीठांत मान आहे, ही जाणीव ‘औश्रा’च्या पिढीला बळ देणारी होती. हे मान्य करण्यात संकोच नसावा. परंतु त्यावरून प्राचीनतेच्या कीर्तीचे कार्य नेमके कोणते तेही दिसून येते. ती कीर्ती भाषकांच्या स्वाभिमानाला उपकारक झाली. पुस्तके वाहण्याचे, शाळा चालवण्याचे, संज्ञा घडवण्याचे काम तिने केले नाही.

दुसरीही एक बाजू आहे. व्यवहारक्षेत्रे जिंकताना भाषा स्वतः अधिकारी बनते आणि अधिकाराचे दोष तिच्यातही शिरतात. प्रमाणभाषेच्या बळामुळे झेमाइतियनसारख्या बोली मागे पडल्या. प्रमाणभाषेच्या शुद्धतेवर देखरेख ठेवणारी सरकारी यंत्रणा तेथे आहे, आणि तिच्या कडकपणावर देशातच टीका झाली आहे. पोलिश भाषक अल्पसंख्याकांची नावे अधिकृत कागदपत्रांत त्यांच्या स्वतःच्या वर्णलेखनाप्रमाणे लिहावीत की नाही, हा वाद अनेक वर्षे चालला. लिथुएनियन वर्णमालेत नसलेली तीन लॅटिन अक्षरे अशा नावांत वापरण्याची मुभा देणारा कायदा २०२२ मध्ये झाला. स्वतःच्या लिपीसाठी चाळीस वर्षे झगडलेल्या समाजाला इतरांच्या अक्षरांचा प्रश्न सोडवण्यास इतका काळ लागावा, यातला विरोध टीकाकाराने नोंदवलाच पाहिजे.

७

या विवेचनावरून अध्यापनापुरते तीन निष्कर्ष निघतात. पहिला, संस्कृत–लिथुएनियन साम्याची उदाहरणे देताना विभक्ती, वचन व अर्थ यांतील भेदही सांगितला जावा. निवडक जोड्यांनी विद्यार्थ्याला आश्चर्य वाटते, पण त्याला पद्धती कळत नाही. दुसरा, भाषेचा विस्तार सांगताना संख्येबरोबर व्यवहारक्षेत्रांचाही निर्देश व्हावा. १८९७ मध्ये सोळा लाखांहून अधिक लोक ज्या भाषेत बोलत होते तिला स्वदेशात कायदेशीर छापखाना नव्हता. आज चोवीस लाखांच्या त्याच भाषेत विद्यापीठीय अध्यापन प्रामुख्याने चालते. हा फरक संख्येच्या वाढीने स्पष्ट होत नाही. तिसरा निष्कर्ष आपल्यालाही लागू पडतो. २०११ च्या जनगणनेत मराठी भाषकांची संख्या सुमारे आठ कोटी तीस लाख आहे, आणि मराठीच्या प्राचीनतेचे पुरावे देण्यात आपण मागे नाही. या दोन्ही गोष्टी अभिमानास्पद आहेत. परंतु संख्येने तीसेक पट लहान असलेल्या एका भाषेचा इतिहास असे दाखवतो की त्यांपैकी कोणतीही गोष्ट भाषेच्या भवितव्याची हमी देत नाही. ज्या ज्या विषयात आपण मराठीतून शिकवणे सोडून देतो, त्या त्या विषयापुरता तिचा विस्तार कमी होतो, मग जनगणनेतील आकडा कितीही मोठा असो.

लिथुएनियन भाषेचा अभ्यास संस्कृतज्ञांनी अवश्य करावा. तौलनिक व्याकरणात तिचे स्थान अढळ आहे. मात्र तिच्याकडे केवळ आपल्या पूर्वजांचा प्रतिध्वनी ऐकण्यासाठी जाणारा अभ्यासक, ती भाषा बोलणाऱ्या तीस लाख लोकांचे म्हणणे न ऐकताच परत येतो.